आर्चीची खुर्ची : नॉर्मन लिअर यांची गोष्ट

वॉशिंग्टनमधील ज्या राष्ट्रीय संग्रहालयात अब्राहम लिंकन यांची उंच टोपी जपून ठेवलेली आहे, त्याच संग्रहालयाच्या ठेव्यात विटलेल्या कापडाची ही खुर्चीही आहे. एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नेपथ्यासाठी ती जुन्या सामानाच्या दुकानातून अवघ्या काही डॉलरांना आणली होती. १९७८ साली ती शेजारच्या खुर्चीसह संग्रहालयाला देण्यात आली. मालिका मात्र त्यानंतरही सुरू राहिली, आणि हुबेहूब तशाच जुन्या दिसणाऱ्या खुर्च्या नव्याने घडवून घेण्यासाठी निर्मात्यांना हजारो डॉलर मोजावे लागले.

या खुर्चीवर आर्ची बंकर बसत असे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या साध्या घरात राहणारा, मालाच्या धक्क्यावर मुकादमी करणारा, कृष्णवर्णीयांपासून ज्यूंपर्यंत आपल्याहून वेगळ्या प्रत्येकाविषयी मनात अढी बाळगणारा हा माणूस 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेचा नायक होता. त्याच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले, की तो त्याला हुसकावून लावी. आर्चीची भूमिका करणारे कॅरल ओकॉनर यांचा चेहरा इथे जवळून पाहावा. संवाद सुरू होण्याआधीच वाद जिंकल्याचा आव त्यावर उमटलेला असतो.

आर्चीला अमेरिकेच्या घराघरांत आणणारे लेखक आणि निर्माते नॉर्मन लिअर यांचा जन्म २७ जुलै १९२२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. नॉर्मन नऊ वर्षांचा असताना बनावट रोख्यांच्या व्यवहारात त्याच्या वडिलांना अटक झाली आणि पुढे तुरुंगवास झाला. आईने घर मोडायचे ठरवले. लोक येऊन सामान पाहत होते, भाव करत होते, आणि त्या सामानात वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही विकली जात होती. त्याच गडबडीत कोणीतरी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की आता या घरातला कर्ता पुरुष तूच. माणसाच्या वागण्यातला वेडेपणा आपल्याला तिथे पहिल्यांदा दिसला, असे लिअर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पत्नीला मोठ्याने गप्प करण्याची वडिलांची सवय त्यांनी नंतर जशीच्या तशी आर्चीला दिली. रेडिओवर ज्यूंविरुद्ध आग ओकणारे धर्मोपदेशकाचे भाषणही त्यांनी त्याच वयात ऐकले होते, आणि द्वेष घरात कुठून शिरतो याचे त्यांचे कुतूहल तेव्हापासूनचे आहे, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शिक्षण सोडून हवाई दलात प्रवेश केला आणि बी-१७ बॉम्बर विमानात रेडिओ ऑपरेटर व तोफची म्हणून ५२ मोहिमांत भाग घेतला. युद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये ते एड सिमन्स यांच्यासह दारोदार फिरून फर्निचर आणि लहान मुलांचे फोटो विकत होते. संध्याकाळी दोघे मिळून विनोदी प्रसंग लिहीत. वृत्तपत्राचा बातमीदार असल्याचे भासवून लिअर यांनी विनोदवीर डॅनी थॉमस यांचा फोन क्रमांक मिळवला आणि त्यांना आपले लेखन विकले. तिथून डीन मार्टिन व जेरी लुईस यांच्या कार्यक्रमाचे लेखन आले, आणि काही वर्षांत बड यॉर्किन यांच्या भागीदारीत स्वतःची निर्मितीसंस्थाही उभी राहिली.

सनातनी सासरा आणि पुरोगामी जावई यांच्या भांडणांवर बीबीसीवर एक मालिका सुरू असल्याचे लिअर यांना कळले, तेव्हा त्यांना आपल्याच घरातले बाप-लेक आठवले. त्यांनी हक्क मिळवले आणि एबीसी वाहिनीसाठी १९६८ व १९६९ मध्ये दोन नमुना भाग तयार केले. वाहिनीने दोन्ही नाकारले. अखेर सीबीएसने मालिका घेतली आणि १२ जानेवारी १९७१ रोजी पहिला भाग दाखवला गेला.

त्या पहिल्या भागातले हे दृश्य आहे. आर्ची आणि त्याची पत्नी एडिथ चर्चमधून लवकर परततात, आणि मुलगी ग्लोरिया व घरजावई माइक हे खोलीत एकांतात होते, हे आर्चीच्या लक्षात येते. रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, असे तो संतापून म्हणतो. हे एवढेच वाक्य वगळावे, असा वाहिनीचा आग्रह होता. लिअर यांचे उत्तर ठाम होते : वाक्य गेले, तर आपणही जाऊ. वाक्य राहिले. लेखकाने एका निरुपद्रवी वाक्यासाठी एवढे ताणावे का, असे आजही विचारले जाते. परंतु पहिल्या दिवशी हे वाक्य गेले असते, तर पुढच्या आठवड्यात दुसरे मागितले गेले असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तक्रारींच्या भीतीने वाहिनीने जादा टेलिफोन ऑपरेटर बसवले होते. अपेक्षेइतके फोन आलेच नाहीत.

या मालिकेचे हसणेही खरे होते. शेवटचा हंगाम सोडला, तर प्रत्येक भाग रंगमंचावरील नाटकासारखा, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे सलग सादर होई, आणि अनेक कॅमेरे तो व्हिडिओटेपवर टिपत. एकाच दिवशी दोन प्रयोग, दोन वेगवेगळे प्रेक्षक. मग दोहोंतले उत्तम प्रसंग निवडून संकलन. हशा कुठे फुटतो आणि कुठे अडतो, हे लेखकांना पहिल्याच प्रयोगात कळे आणि दुसऱ्याआधी संवाद दुरुस्त करता येत. भागाच्या सुरुवातीला पियानोवर आर्ची आणि एडिथ गातात, तेही साधेपणामुळेच घडले, कारण थाटाच्या शीर्षकदृश्यासाठी पैसे नव्हते. त्या गाण्यातली जुन्या 'ला साल' मोटारीची ओळ कोणालाच उमगत नव्हती. प्रेक्षकांनी पत्रांतून विचारणा केली, तेव्हा ती ओळ नीट उच्चारून गाणे पुन्हा मुद्रित करण्यात आले.

सुरुवातीच्या थंड प्रतिसादानंतर ही मालिका सलग पाच हंगाम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७२ मध्ये लिअर यांची 'मॉड' ही मालिका आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, गर्भपाताला देशभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याच्या दोन महिने आधी, सत्तेचाळीस वर्षांच्या मॉडने गर्भपाताचा निर्णय घेतला. त्या दोन भागांचे लेखन सुझन हॅरिस यांचे होते. शिकागोतील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची 'गुड टाइम्स' सुरू झाली, तेव्हा ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते लिअर यांच्या कार्यालयात येऊन संतापाने विचारते झाले, की पडद्यावरचा आमचा माणूस नेहमी गरीबच का? लिअर यांनी ऐकून घेतले. १९७५ मध्ये 'द जेफर्सन्स' सुरू झाली, आणि ड्राय क्लीनिंगच्या दुकानांचा मालक असलेले एक कृष्णवर्णीय कुटुंब मॅनहॅटनमधील उंच इमारतीत राहायला गेले. 'गुड टाइम्स'मधील वडिलांची भूमिका करणारे जॉन एमॉस मात्र लेखनाविषयीच्या मतभेदांनंतर मालिकेबाहेर गेले.

१९८१ मध्ये लिअर यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी 'पीपल फॉर द अमेरिकन वे' ही संस्था स्थापन केली, आणि २००० साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेची मूळ छापील प्रत एका सहकाऱ्यासह ऐंशी लाखांहून अधिक डॉलरांना घेऊन गावोगावी लोकांना दाखवली.

५ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कुटुंबीय अखेरपर्यंत भोवती बसून गोष्टी सांगत होते आणि गाणी म्हणत होते.

आता पियानोवरचे ते गाणे ऐकू या. हे नंतरचे मुद्रण आहे; 'ला साल' मोटारीची ओळ यात स्पष्ट ऐकू येते.