डॅफोडिलची वेणी घालू नका

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला. मार्चमध्ये इथं इंग्लंडात कंदातून फुलणाऱ्या ज्या पिवळ्या डॅफोडिलचे फोटो आपण हौसेनं नाशिकला, पुण्याला, साताऱ्याला पाठवले, त्यांचे फोटो आता कुणी काढत नाही. फुलं वाळली आणि मागं राहिला पातीचा पसारा. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, पावसानं लोळलेली.

मी मूळचा निफाडकडचा. लेकीकडे यॉर्कशायरला आलो, त्या पहिल्याच मे महिन्यात तिच्या बागेतला हा गबाळेपणा मला बघवेना. विळा कुठला मिळायला इथं! ती ऑफिसला गेल्यावर स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सगळी पात जमिनीसरशी कापून टाकली. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, किती मोकळं वाटतंय!" पुढच्या मार्चमध्ये कुंपणापलीकडे पिवळंधमक झालं आणि आमच्याकडे नुसती पात. फुलं मोजून तीन.

जन्म कांद्यात गेला आणि हे मला सुचू नये! माना पडायच्या आधी कांदा उपटला तर तो पोसतही नाही आणि चाळीत टिकतही नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॅफोडिल तर कांद्या-लसणाच्याच कुळातलं. (जाता जाता सांगतो, याचा कंद स्वयंपाकघरात आणू नका. दिसतो कांद्यासारखा, पण विषारी आहे.) पात उन्हावर अन्न तयार करते आणि ते खाली कंदात साठवते. पुढच्या वर्षीचं फूलही याच दिवसांत, मे-जूनमध्ये, कंदाच्या पोटात आकार घेऊ लागतं. नेमकी तेव्हाच आपण कात्री चालवतो. फूल न देणाऱ्या अशा कंदाला इथले माळी 'आंधळा' म्हणतात.

तेव्हा फूल कोमेजल्यावर किमान सहा आठवडे पातीला हात लावायचा नाही. सुकलेलं फूल मात्र मागच्या फुगीर बोंडासकट खुडा, नाहीतर कंदाची ताकद बी धरण्यात जाते. हिरवा दांडा राहू द्या, तोही पातीचंच काम करतो. हॉलंडमध्ये ट्युलिपचे शेतकरी फुलं ऐन भरात असताना शेतच्या शेतं खुडून टाकतात. बघणारा हळहळतो, पण त्यांना विकायचा असतो कंद.

आमच्या शेजारच्या आजीबाई पातीची छान वेणी घालून रबर लावतात. जुनी पद्धत आहे, दिसतेही नीटनेटकी. पण गुंडाळलेल्या पातीला ऊन मिळत नाही, म्हणजे अर्धी कापल्यासारखंच. हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

मग पसारा झाकायचा कसा? डॅफोडिलच्या मधे मधे हार्डी जिरेनियम किंवा डेलिली लावा. यांची पानं मे महिन्यात वर येतात आणि पडलेली पात त्यांच्याखाली आपोआप दडते. होस्टाही चालतो, पण गोगलगायी तो शिल्लक ठेवतील तर. कुंडीतले कंद असतील तर कुंडी घरामागं उन्हात सरकवा. वसंत कोरडा गेला तर पाणी द्या, आणि टोमॅटोला घालतात ते पोटॅशवालं खत पात हिरवी आहे तोवर अधूनमधून घाला. ट्युलिपवर मात्र फार जीव टाकू नका. नव्या संकरित जाती दुसऱ्या वर्षी बहुधा रोडावतातच.

पात पूर्ण पिवळी पडून दोन बोटांच्या चिमटीत सहज निघून आली, की समजा काम झालं. मग खुशाल कंपोस्टमध्ये टाका.

आमच्या हिरवळीत सध्या डॅफोडिलची सहा बेटं उभी आहेत. जावई लॉनमोअर त्यांच्या कडेकडेनं वळवून नेतो, जरा कुरकुरतो. जूनच्या मध्यापर्यंत त्याला तसंच वळत राहावं लागणार आहे. नमस्कार.