काकवीचा वास

मुलांचे आनुवंशिक चयापचयाचे आजार, असा विषय दिलात तुम्ही, तो फळ्यावर लिहितानाच खडू संपला असेल कुणाचा तरी. सोपं सांगते. आपण खातो ते शरीरात तुटतं आणि तोडायला एन्झाइम लागतात, कामागणिक वेगळं. त्यातलं एखादं जन्मापासूनच बिघडलेलं असलं की तिथं माल तुंबतो, सीझनात कारखान्याच्या गेटवर उसाचे ट्रॅक्टर थांबतात ना तसा, आणि हा तुंबलेला माल मेंदूला विष होतो.

माझी सुरुवात एका आज्जीपासनं झाली. मी नुकतीच एमडी होऊन एका हॉस्पिटलात लागलेली. मार्कंडेयकाठच्या गावातनं सहा दिवसांचं बाळ आलं. जन्मताना अगदी छान, रडलं, प्यालं, आणि पाचवी पुजली त्या रात्रीपासनं दूध ओढेना, मग सुस्त पडलं, मग झटके. आधीचं पण आठव्या दिवशी गेलेलं, त्यामुळं घरचे म्हणत होते सटवीनं तेवढंच लिहिलंय. आज्जी तेवढी मागं लागलेली, "डॉक्टर, पोराच्या लंगोटास काकवीचा वास येऊलालाय, आमचं गुऱ्हाळ आहे, मला कळत नाही होय?"

मी हसले. कारण मी वाचलेलं की बाळंतिणीच्या पोटात मेथी गेली की बाळाला अगदी तसाच वास येऊ शकतो, म्हटलं मेथीचे लाडू चालू असणार. फाईलवर जंतुसंसर्ग लिहिलं, अँटिबायोटिक लावलं. नवव्या दिवशी बाळ गेलं. नंतर कळलं, त्या घरात लाडू अजून वळलेच नव्हते. विचारायला किती वेळ लागला असता?

पुस्तकात या आजाराचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज, 1954 मध्ये मेंकेस यांनी पहिल्यांदा लिहिलं. प्रोटीन तुटून निघणारी ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं पुढं तुटत नाहीत. मी परीक्षेला मेपल पाठ केलेलं, पण मेपलचा पाक बेळगावात कुणाच्या नाकाला माहीत आहे हो? आज्जीनं बरोबर निदान केलेलं, शब्द तेवढा आपला वापरला. आणि हे आपल्याकडंच घडतं असं नाही. 1934 साली नॉर्वेत एक आई दोन मुलांना घेऊन फोलिंग नावाच्या डॉक्टरांकडं गेली, मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो हे तिनं आधी कितीतरी जणांना सांगून झालेलं. फोलिंगनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, रंग हिरवा झाला, तिथनं फिनाइलकीटोन्युरिया हा असलाच दुसरा आजार सापडला.

मग मी या कामालाच लागले. डीएनपीएच नावाच्या रसायनाची बाटली टेबलावर ठेवली, लघवीत ते टाकून पिवळं गढूळ झालं तर शंका घ्यायची, आणि टाचेतलं रक्त फिल्टर पेपरवर वाळवून तपासायला पोस्टानं बेंगळुरूला. सुरुवातीला कितीदा रिपोर्ट आला तेव्हा बाळ नव्हतं. त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण मामाची मुलगी करणारे इथं पण बसलेत. केली की आजार होतोच असं नाही. पण हा बिघाड आई आणि बाप दोघांकडनंही यावा लागतो, आणि नातं जवळचं असलं की दोघांकडं तोच बिघाड असायची शक्यता वाढते. दोघांकडं तोच बिघाड असलेलं जोडपं असेल तर दर बाळंतपणाला 25 टक्के धोका, आधीचं गेलं म्हणून पुढची तीन धडधाकट होतील असा हिशोब नसतो. त्यामुळं सुनेला बोल लावणाऱ्या सासूला मी आधी केबिनबाहेर काढते.

वेळेत सापडलं तर जेवण हेच औषध. खास दूध पावडर लागते, महाग आहे, आणि प्रोटीन मोजून द्यायचं. आपली पंचाईत म्हणजे ज्वारीत ल्युसिन भरपूर, म्हणजे भाकरीच गेली की. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाही म्हणून खिचडी चालते, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय, आता तिला खिचडी म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. आणि ताप आला, पोर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचंच मांस तोडायला लागतं, ल्युसिन चढतं, म्हणून दवाखान्यात यायला थांबायचं नाही.

माझी एक पेशंट पोर आता दुसरीत आहे. परवा रात्री साडेअकराला तिच्या आज्जीचा फोन. "डॉक्टर, ताप आहे, साखरपाणी देऊलालोय, गाडी काढलीय." मी विचारायच्या आत म्हणाली, "वास येऊलालाय."