ज्याला दारू ‘पचते’, त्याचा रक्तदाब

श्रोतेहो, नमस्कार.

दोन घोट पोटात जातात न जातात तोच काहींचा चेहरा लाल होतो, कान तापतात, छाती धडधडू लागते. शेजारी बसलेला तेवढीच दारू पितो आणि त्याला काहीच होत नाही. पहिल्याला लोक म्हणतात, ‘याला सोसत नाही’. दुसऱ्याला म्हणतात, ‘हा पचवतो’. आज बोलायचं आहे ते या पचवण्याविषयी, कारण रक्तदाब बहुधा या दुसऱ्याचाच जास्त चढतो.

दारूतलं इथेनॉल मुख्यतः यकृतात मोडलं जातं. आधी एडीएच हे एन्झाइम त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी. मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचं अ‍ॅसिटेट करतं आणि विषाचा प्रश्न मिटतो. पण एएलडीएच२ च्या जनुकात काहींच्या बाबतीत एकाच अक्षराचा बदल असतो. हे एन्झाइम चार तुकडे जुळून बनतं आणि त्यातला एखादा तुकडा सदोष असला तरी सगळ्या जोडणीचं काम मंदावतं. म्हणून आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा बदल आला, तरी ताकद निम्म्याहूनही बरीच खाली येते. दोघांकडून आला, तर जवळपास काहीच उरत नाही. चीन, जपान, कोरिया, तैवान इथे हा बदल फार आढळतो. जगभरात अंदाजे ५४ कोटी लोकांत तो आहे.

अशा माणसात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला हृदय वेगाने धावू लागतं. त्वचा सावळी असेल तर लाली दिसत नाही, पण धडधड आणि डोकेदुखी जाणवतेच. या त्रासापायी अशी माणसं मुळातच कमी पितात. ज्यांची दोन्ही एन्झाइमं बिनबोभाट चालतात, त्यांना थांबवणारं शरीरात काही नसतं.

चीनमधल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आले. कोण किती पितो हे नुसतं विचारून हिशेब मांडला, तेव्हा थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा सुरक्षित दिसले. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही असतात, त्यामुळे हा हिशेब फसवा. म्हणून संशोधकांनी गट पाडले ते जनुकांवरून, कारण जनुकं जन्माआधीच ठरलेली असतात. मग ते संरक्षण नाहीसं झालं. पुरुषांत जनुकांमुळे पिणं जितकं जास्त, तितका रक्तदाब जास्त आणि पक्षाघातही जास्त. मला सर्वांत पटणारा पुरावा पुढचा आहे. त्याच भागातल्या बायकांची जनुकं तीच, पण त्या जवळपास पीतच नाहीत. त्यांच्यात त्या जनुकांमुळे रक्तदाब चढलेला दिसला नाही. म्हणजे दोष दारूचा.

‘प्यायल्यावर मोजलं, बीपी कमीच आलं!’ असं अनेक जण सांगतात. ते खरं असतं. साधारण ३० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं, की पहिले काही तास आकडा खाली राहतो आणि सुमारे तेरा तासांनंतर तो मूळ पातळीच्या वर जातो. ग्रॅम काढायचे तर मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.७९. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर दारूत असे सुमारे १९ ग्रॅम भरतात.

तेव्हा रक्तदाब मोजायचा तो सकाळी, रक्तदाबाची गोळी आणि चहा घेण्याआधी. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. असं आठवडाभर लिहून ठेवा. मग तीन-चार आठवडे दारू बंद ठेवून पुन्हा आठवडाभर मोजा. दोन वह्यांतला फरक हा तुमच्या शरीराचा स्वतःचा जबाब. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडू नये. झटके येऊ शकतात, रक्तदाब उसळू शकतो. तिथे डॉक्टर हवेतच.

जनुकांचा फरक हृदयाच्या स्नायूतही दिसतो. टायटिन हे तिथलं अवाढव्य प्रथिन. त्याचं जनुक मध्येच तुटलेलं असणं सर्वसाधारण लोकांत शंभरात एखाद्याकडे आढळतं, पण दारूने हृदय फुगलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात ते सुमारे दहात एकाकडे होतं. घरात कुणाचं हृदय कमी वयात ‘मोठं’ झालं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. एरवी जनुकचाचणीमागे धावायची गरज नाही. लाली किंवा धडधड हीच पुरेशी खूण आहे. ती दाबायला आधी अ‍ॅसिडिटीची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी घेण्याची युक्ती काही जण करतात. ती घातक आहे. खूण झाकते, अ‍ॅसिटाल्डिहाइड तसंच राहतं, जास्त प्यायलं जातं आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

शेवटची गोष्ट हृदयरुग्णांसाठी. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीतलं औषध शरीरात मोकळं करण्याचं काम हेच एएलडीएच२ करतं. ते मंद असेल तर गोळीचा गुण कमी येऊ शकतो. दारूने लाल होणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. दारूसोबत ही गोळी कुणीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. आणि एका गोळीने पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर दुसरीची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.