दिसते, पण सापडत नाही

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात नौपाडा किंवा पाचपाखाडीसारख्या भागात एखाद्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की सोसायटीच्या कार्यालयातले लोखंडी कपाट उघडले जाते आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ठराव, इतिवृत्ते आणि नोटिसा यांची शोधाशोध सुरू होते. कागदावर जे असते ते पिवळे पडलेले का होईना, वाचता येते. खरी पंचाईत होते ती सीडीवर जपून ठेवलेल्या मराठी फायलींची. फाइल उघडते, परंतु पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो आणि फाइल बिघडली असे समजून माणसे ती बंद करून टाकतात.

ती बिघडलेली नसते. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. आणि जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेव या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतो. तो फॉन्ट यंत्रावर असेल तोवर आपल्याला मराठी दिसते. नसेल तेव्हा ती पाच अक्षरे उघडी पडतात. ‘पाण्याची टाकी’ असे शोधायला जावे, तर संगणकाने ते शब्द कधी पाहिलेलेच नसतात.

यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचे काम, करणाऱ्यांना दोष देणे मला पटत नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना त्यांचे स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या सामाईक पद्धतीच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज 2000 सोबत मंगल हा फॉन्टही आला, हे खरे. परंतु छपाईचे काम चालत असे पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर; त्याची शेवटची आवृत्ती 2001 साली निघाली आणि तिलाही युनिकोड उमगत नव्हते. संध्याकाळपर्यंत लग्नपत्रिका छापून देणाऱ्या माणसाने आणखी वीस वर्षांनी कोणी काय शोधेल याची चिंता करावी, ही अपेक्षाच अवास्तव होती.

आता या फायली युनिकोडमध्ये आणणारी साधने मिळतात, तरीही काम एका कळीवर संपत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘किती’ लिहिताना ह्रस्व वेलांटी आधी आणि क नंतर येत असे, तर युनिकोडमध्ये क आधी येतो. ‘अर्ज’ या शब्दातला रफार पूर्वी ज नंतर येत असे, आता र आधी साठवला जातो. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत क्रमांकांची वाटणी निरनिराळी. त्यामुळे रूपांतर झाल्यावर कोणीतरी चष्मा लावून ओळ न् ओळ ताडून पाहावीच लागते, विशेषतः रकमा आणि सदनिकांचे क्रमांक.

एवढा खटाटोप करून मराठी मजकूर शोधण्याजोगा झाला, आणि आपण काय केले? नोटीस युनिकोडमध्ये लिहितो, छापतो, तिच्यावर सही-शिक्का मारतो, मोबाइलने फोटो काढतो आणि तो फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो. अक्षरांचे पुन्हा चित्र झाले. या सवयीमागे कारणे आहेत हे मान्य करायला हवे: चित्र प्रत्येक फोनवर सारखेच दिसते, त्यात लेटरहेड आणि सही असते, आणि पुढे पाठवताना कोणी सहज तारीख बदलू शकत नाही. मात्र ज्यांची दृष्टी अधू आहे आणि ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांच्यापर्यंत ही नोटीस नीट पोहोचेल याची खात्री नसते.

साध्या एसएमएसचा हिशेब आणखी निराळा. त्यात इंग्रजीची 160 अक्षरे मावतात, मराठीची फक्त 70, कारण जागा तेवढीच असून देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 7 ऐवजी 16 बिट लागतात. काना-मात्राही स्वतंत्र मोजले जातात. ‘पाणीपुरवठा’ हा एकच शब्द दहा जागा खातो. पाणी बंद असल्याची सूचना मराठीत सविस्तर द्यायची म्हटली, की एका संदेशाचे दोन-तीन संदेश होतात आणि खर्चही त्याच पटीत वाढतो.

व्हॉट्सॲपने 2016 साली सर्व संदेशांना असे कुलूप घातले, की पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कोणालाही वाचता येऊ नयेत. ही सोय मला मोलाची वाटते. परंतु तिची दुसरी बाजू अशी, की जुने संदेश आपापल्या फोनवर किंवा आपण घेतलेल्या बॅकअपमध्येच राहतात. चिटणिसांचा फोन बदलला आणि बॅकअप घेतलेला नसला, तर त्यांच्याकडचे सोसायटीचे दप्तर गेले. ईमेलला असे कुलूप सहसा नसते, तो उघडायला कंटाळा येतो, पण सोसायटीच्या नावाने खाते काढले तर ते पुढच्या समितीच्या हाती सोपवता येते.

म्हणून नोटिशीच्या चित्राखाली तोच मजकूर चिकटवावा आणि एक प्रत सोसायटीच्या ईमेलवर पाठवावी, असे मी आमच्या समितीला सुचवले. चिटणीस म्हणाले, काम दुप्पट होते, आणि ते खरेच होते. अखेर वार्षिक सभेची सूचना आणि ठराव एवढ्यांपुरतीच ही सक्ती ठरली. लिफ्ट बंद असल्याची आणि गणपतीच्या वर्गणीची सूचना अजून चित्ररूपानेच येते.