ब्लीकलोवरचं विमान

इंग्लंडमधला पीक डिस्ट्रिक्ट. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधला हा डोंगराळ भाग, ब्लीकलो हा त्यातलाच एक डोंगर. स्नेक पास या घाटरस्त्याला गाडी लावायची आणि तासभर चालत सुटायचं. झाड एक नाही, नुसतं गवत आणि हेदरची खुरटी झुडपं, आणि खाली काळाकुट्ट पीट, म्हणजे कुजलेल्या गवता-झुडपांचा चिखल, जो पाऊस झाला की बुटासकट पाय आत ओढतो. चालून चालून जीव मेटाकुटीला येतो आणि तेवढ्यात समोर अ‍ॅल्युमिनियम चमकतं.

हे इथे कोसळलेलं बी-२९ सुपरफोर्ट्रेस, अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले तेही बी-२९ च, पण हे फोटो काढणारं विमान होतं, म्हणून तर नाव पडलं 'ओव्हर एक्स्पोज्ड'. १९४६ साली बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या, त्यांचे फोटो घ्यायलाही हे होतं.

३ नोव्हेंबर १९४८. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, पण सोव्हिएत रशियाने केलेली बर्लिनची नाकेबंदी चालू, त्यामुळे अमेरिकन विमानं परत इंग्लंडमध्ये आलेली. स्कॅम्प्टनच्या हवाई तळावरून बर्टनवूडच्या तळावर जायचं, जेमतेम अर्धा तास, सोबत टपाल आणि तिथल्या लोकांचा पगार. आत १३ जण होते. त्यांची इथली ड्युटी संपत आलेली, थोड्याच दिवसांत घरी जायचं होतं सगळ्यांना.

कोणीच वाचलं नाही.

आता हे इंजिन जवळून बघा. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगा, गंज चढलाय पण रचना अजून स्पष्ट कळते. पत्र्यावर रिवेटच्या ओळी अजून सरळच्या सरळ आहेत, कोणीतरी एकेक करून ठोकलेल्या, आणि त्याच पत्र्याच्या घडीत कुणी लाकडाचा छोटा क्रॉस खोचून ठेवलाय, वर कागदी पॉपी, ब्रिटनमध्ये शहीद सैनिकांच्या आठवणीत वाहतात ते फूल, पावसाने भिजून रंग उतरलेलं. मला इथे खरंच बोलवेना. प्लीज इथून काही उचलू नका, रिवेटसुद्धा नको, ब्रिटनमध्ये १९८६ पासून त्यासाठी कायदाच आहे, आणि कायदा नसता तरी नकोच.

कॅप्टनची लग्नाची अंगठी बऱ्याच वर्षांनी या चिखलात सापडली, आणि ती त्याच्या मुलीपर्यंत पोचली.

जवळच जेम्स थॉर्न या टेकडीवर मे १९४५ मध्ये कॅनडाच्या हवाई दलाचं लँकेस्टर बॉम्बफेकी विमान आपटलं होतं, युरोपातलं युद्ध संपून दहा दिवस झाले होते फक्त, सहा जण गेले.

बी-२९ चं काय झालं? ते आपटलं त्या हायर शेल्फ स्टोन्स या ब्लीकलोवरच्या माथ्याची उंची ६२१ मीटर, त्या दिवशी ढग खूप खाली होते, डोंगर मागे पडला असं समजून त्यांनी विमान ढगातून खाली घेतलं असं मानतात. आम्ही शूट करत होतो तेव्हा ऊन होतं. मग पश्चिमेकडून ढग आला, आम्ही कॅमेरा बॅगेत टाकेपर्यंत दहा पावलांवरचं ते इंजिन दिसेनासं झालं.