कंत्राटातल्या माणसाचा पगार कोण ठरवतं?

मंडळी, आपल्या नाशिक महापालिकेत पगाराचा विषय निघाला की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: दिवाळीचं सानुग्रह अनुदान आणि वेतन आयोग. त्यावर महासभेत भाषणं होतात, युनियनची निवेदनं जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो. पण या शहरात पगाराचे जे मोठे निर्णय झाले, ते असे गाजावाजात झालेले नाहीत. ते निविदेच्या अटींमध्ये आणि अंदाजपत्रकाच्या लेखाशीर्षांमध्ये, म्हणजे खर्च ज्या नावाखाली नोंदवतात त्या रकान्यांमध्ये झाले. त्या निर्णयांनाही आपण पगाराचे निर्णय म्हणून ओळखावं, एवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे.

आधी अधिकार कुणाकडे आहेत ते पाहू. आपली महापालिका १९८२ साली स्थापन झाली आणि ती चालते १९४९ च्या महापालिका अधिनियमावर. त्यातलं कलम ५१ पदांबद्दल आहे. किती पदं असावीत, कोणती, कोणत्या वेतनश्रेणीची, याचा विचार महापालिका करते. नवीन पद निर्माण करायला मात्र राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात ठराव झाला तरी शेवटची सही मुंबईत. पदांच्या या सगळ्या आराखड्याला आपण आकृतिबंध म्हणतो. नाशिकचा मंजूर आकृतिबंध सात हजारांच्या घरातला. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजार होती. त्यानंतर पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव या बाजूंना किती वस्ती वाढली ते तुम्ही रोज बघता. महापालिका ‘क’ वर्गातून ‘ब’ वर्गात गेली, पण पदं वाढली नाहीत. सुधारित आकृतिबंधाचे प्रस्ताव गेले, त्यात त्रुटी निघाल्या, पुन्हा गेले. आणि मंजूर पदांमधलीसुद्धा काही हजार पदं निवृत्तीमुळे रिकामी होत गेली.

ती भरत का नाहीत? उत्तर एका टक्केवारीत आहे. शासनाची अट अशी की आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरचा खर्च, महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. त्यावर गेला तर नोकरभरतीला परवानगी मिळत नाही. अटीमागचा हेतू मला मान्य आहे. घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा सगळा पगारातच गेला तर रस्ते, पाणी, दवाखाने कशातून चालवायचे? सातवा वेतन आयोग राज्य कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आपल्या महापालिकेतल्या लोकांच्या हातात तो पडायला २०२१ उजाडलं, आणि तोही राज्यातल्या समकक्ष पदांपेक्षा वेतनश्रेणी जास्त नको, या अटीवर. त्यानंतर पगाराचं बिल वाढलं, निवृत्तिवेतनाचं वाढलं. हे ओझं खरं आहे, आणि आयुक्त ते दाखवतात तेव्हा खोटं बोलत नाहीत.

पण इथे थोडं थांबून बघा. एक सफाई कामगार निवृत्त झाला. त्याची गल्ली तर झाडायचीच आहे. मग ते काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं जातं. कायम कामगाराचा पगार आस्थापना खर्चात धरला जायचा. ठेकेदाराचं बिल मात्र दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातं, ‘साफसफाईचे काम’ म्हणून. पैसा त्याच तिजोरीतून गेला, झाडू त्याच रस्त्यावर चालला, पण कागदावर आस्थापना खर्च कमी झाला. टक्केवारी सुधारली म्हणून आपण समाधान मानतो, आणि प्रत्यक्षात माणसांवर होणारा एकूण खर्च किती, हे अंदाजपत्रकात एका जागी कुठेच दिसत नाही. शहराला आपली माणसं किती आहेत हेच नीट मोजता येत नसेल, तर मनुष्यबळाचं नियोजन कशाच्या आधारावर करायचं?

आता निविदेकडे वळू. हा भाग मी थोडा सावकाश सांगणार आहे, कारण सगळं मर्म इथेच आहे. हिशेबासाठी धरा की एका कामगाराचं किमान वेतन महिना १५,००० रुपये आहे. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, प्रशासकीय आणि विम्याच्या शुल्कासह, १३ टक्के: १,९५० रुपये. ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के: ४८७ रुपये. बोनस ८.३३ टक्के: साधारण १,२५० रुपये. बेरीज १८,६८७. यात ठेकेदाराचा नफा नाही, झाडू नाही, हातमोजे नाहीत, गणवेश नाही, रजेचा पगारही नाही. हा कायद्याने द्यावाच लागणारा पैसा आहे.

आणि निविदा उघडते तेव्हा एखादा ठेकेदार अंदाजित दरापेक्षा १० टक्के कमी भरतो. आपण म्हणतो, वा, महापालिकेचे पैसे वाचले! पण १८,६८७ मधून १० टक्के म्हणजे माणशी १,८६८ रुपये. सातशे कामगार असतील तर महिन्याला तेरा लाखांहून जास्त. एवढे पैसे ठेकेदार कुठून आणणार? किमान वेतन कमी करता येत नाही, निधीचा दर कमी करता येत नाही. मग वाटा उरतात दोनच: कागदावर सातशे माणसं दाखवायची आणि रस्त्यावर कमी उतरवायची, किंवा कामगाराच्या खात्यात पगार जमा झाल्यावर त्यातला काही भाग रोख परत मागायचा. अशा तक्रारी कामगार वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि बहुतेक शहरांत करत आले आहेत. त्यांची चौकशी लागते तेव्हा ठेकेदाराला दोषी धरलं जातं. तो दोषी असेलही. पण ज्या दिवशी तो अशक्य दर मंजूर झाला, त्याच दिवशी त्या कामगाराचा पगार कापला गेला होता, आणि तो कापणारी सही महापालिकेची होती.

हजेरी शेडवर पहाटे जाऊन उभं राहिलात तर हे डोळ्यांनी दिसेल. शेजारी शेजारी दोघी जणी. एक कायम, एक ठेक्यावरची. मुकादम दोघींना एकच रस्ता वाटून देतो. एकीला महागाई भत्ता, वैद्यकीय रजा आहे, आणि पुढे तिच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीनुसार नोकरीची आशा आहे. दुसरीला खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला, आणि ठेका बदलला की नोकरी राहील का याची धाकधूक. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगजित सिंग प्रकरणात हंगामी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लावलं. ते शासनाने स्वतः नेमलेल्या हंगामी लोकांबद्दल होतं. ठेकेदाराचा कामगार त्यात आपोआप येत नाही. पण २०१७ मध्ये मुंबईतल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात याच न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. त्या कामगारांना हक्क मिळाला, पण त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

सफाईपुरतंच हे आहे असं समजू नका. ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंकची बससेवा सुरू झाली. नाशिककरांना तिची गरज होती आणि लोकांनी ती आपलीशी केली. वाहक पुरवायचं काम ठेकेदाराकडे. थकीत पगारासाठी वाहकांनी किती वेळा काम बंद केलं ते निमाणीच्या थांब्यावर ताटकळलेल्या कुणालाही विचारा. मार्च २०२४ मध्ये तर तपोवन डेपोतला संप आठवडाभराहून जास्त चालला. परीक्षेचे दिवस होते. बससेवा चालवणारं महापालिकेचं परिवहन महामंडळ म्हणायचं पैसे ठेकेदाराने द्यायचे, आणि प्रवाशाला मात्र बस महापालिकेचीच वाटत होती. माझ्या मते प्रवासी बरोबर होता. कायदाही त्याच्याच बाजूने आहे: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही आहे. संप होण्याची वाट कशाला बघायची?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायम कर्मचाऱ्यांचं नियोजनही आपल्याकडे धड झालेलं नाही. सफाई कामगार म्हणून भरती झालेली माणसं कार्यालयात टेबलावर बसलेली आहेत, आणि एकेका अभियंत्याकडे दोन-दोन विभागांचा अतिरिक्त कार्यभार आहे. नुसती भरती करा म्हणून हे सुटणार नाही. ज्याला ज्या पदावर नेमलं त्याला त्या पदाचं काम, हा साधा नियम कुठलाही पक्ष निवडणुकीच्या तोंडावर पाळायला तयार नसतो. तो पाळायला लावणं हेही आपलंच काम आहे.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं सभागृह नव्हतं. महासभा आणि स्थायी समिती, दोघांचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळात ठेके मंजूर झाले आणि चर्चा कुठेच झाली नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १२२ नगरसेवक पुन्हा आले आहेत. आणि समोर कुंभमेळा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. रामकुंड, तपोवनातलं साधुग्राम, वाहनतळ, फिरती शौचालयं: या सगळ्यासाठी हजारो माणसं थोड्या मुदतीवर घेतली जातील. बरीचशी बाहेरच्या जिल्ह्यांतून येतील, त्यांची युनियन नसेल, आणि मेळा संपला की ती परत जातील. थकलेला पगार मागायला ती पुन्हा कशी येणार?

म्हणून मागणी आत्ताच करायला हवी. कायदेशीर देण्यांपेक्षा कमी दराची निविदा उघडताक्षणी बाद व्हावी. स्पर्धा फक्त ठेकेदाराच्या नफ्यावर आणि यंत्रसामग्रीवर होऊ द्या. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा ठेक्याचा दरही त्याबरोबर बदलला पाहिजे. मागच्या महिन्याची बँकेतली पगाराची नोंद आणि भविष्यनिर्वाह निधीचं चलन जोडल्याशिवाय पुढचं बिल निघू नये. आणि अंदाजपत्रकात एक पान असावं: कायम, मानधनावरचे, ठेक्यावरचे, प्रत्येक विभागात किती माणसं आणि त्यांच्यावर एकूण किती खर्च. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायची वेळ आपल्यावर येऊ नये. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती महापालिकेने आपण होऊन जाहीर करायची असते. ते पान तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी मागा, आणि त्याची पोच घ्या.