शेवटच्या माशाला मिळालं का?

मंडळी, मागे आवाज पोचतोय ना? बरं. मालवणात उभं राहून मासे काय खातात हे सांगायचं म्हणजे जरा धाडसच आहे, इथे मासे कसे खायचे यावरच सगळ्यांचं प्रभुत्व. पण आजचे मासे ताटातले नाहीत, हॉलमधल्या टाकीतले आहेत. निऑन टेट्रा, कार्डिनल, झेब्रा डॅनिओ, हार्लेक्विन रास्बोरा, म्हणजे इंच-दीड इंचाचे, थव्याने फिरणारे. आणि माझं म्हणणं एवढंच की आपण टाकीला खायला घालतो, माशाला घालत नाही. चिमूटभर फ्लेक्स, म्हणजे डब्यातले पापुद्र्यांसारखे खाणे, टाकले, पाणी खळबळलं, दोन मिनिटांत सगळं साफ, आपण खूश! पण त्या दहा-बारा जणांत कोणी किती खाल्लं, ते बघितलं कोणी?

आधी समुद्राकडे बघा. तारली आणि बांगडा, दोघंही थव्यानेच असतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचं पोषक पाणी वर येतं, प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, आणि हे मासे तोंड उघडून पोहतात, कल्ल्यांतल्या चाळणीने गाळून खातात. खाणं पाण्यात सगळीकडे पसरलेलं, त्यामुळे थव्यात कुठेही असलात तरी काही ना काही तोंडात जातं. टाकीत काय होतं, खाणं वरून येतं, एकाच कोपऱ्यात येतं आणि मिनिटभरच असतं. म्हणजे थवा तोच पण जेवण्याची पद्धत आपण पूर्ण बदलून टाकली. पंगतीत निदान वाढपी शेवटच्या पानापर्यंत जातो, इथे वाढपीच नाही.

थव्याचा फायदा नाही असं नाही हां. १९८२ साली पिचर, मॅगुरन आणि विनफिल्ड या संशोधकांनी गोल्डफिश आणि मिनो माशांवर प्रयोग केले, त्यात थवा जेवढा मोठा तेवढं लपवलेलं खाणं लवकर सापडलं. डोळे जास्त, आणि एकाने टिपलं की बाकीचे तिकडे वळतात. शिवाय संख्या असली की प्रत्येकाला सारखं इकडेतिकडे बघत बसावं लागत नाही, तो वेळ खाण्यात जातो. म्हणून दुकानदार म्हणाला दोन जोड्या न्या, तर नेऊ नका. सहा-आठच्या खाली निऑन ठेवले की ते झाडामागे दडून बसतात आणि आपण म्हणतो, खातच नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. युरोपात रोच नावाचा मासा आहे, त्याच्या पिल्लांवर क्राऊसे आणि मंडळींनी १९९२ मध्ये काम केलं आणि दिसलं असं की उपाशी पिल्लं थव्याच्या पुढे जातात, पोट भरलेली मागे राहतात. पुढे खाणं पहिलं मिळतं पण मोठ्या माशाच्या तोंडीही पहिलं तुम्हीच जाता, म्हणजे पुढे जायची किंमत आहे. आपल्या टाकीत मोठा मासा नाहीच, किंमत शून्य, मग ज्याचं पोट भरलंय त्याने मागे का जावं? माझा आपला अंदाज, पण कुठलीही टाकी आठवडाभर नीट बघा, तेच दोघं-तिघं रोज पुढे असतात, गुबगुबीत, आणि एखादा मागे बारीक होत जातो आणि आपण म्हणतो आजारी असेल, औषध आणतो.

त्यात आपण जाती मिसळतो. डॅनिओचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पृष्ठभागावरचं टिपतो आणि सुसाट असतो. आपल्याकडे घाटाखालच्या ओढ्यात त्याचे चुलतभाऊ आहेत, निळसर पट्ट्यांचे, झुडपावरून मुंगी पडायचा अवकाश की झडप. निऑनचं तोंड सरळ पुढे, तो मधल्या पाण्यातला, ॲमेझॉनच्या सावलीतल्या काळसर पाण्यातून आलेला, वर यायला बिचकतो. तरंगणारे फ्लेक्स टाकले की डॅनिओ जिंकणारच. मग एका टोकाला थोडे फ्लेक्स टाका, डॅनिओ तिकडे गुंतले की दुसऱ्या टोकाला बारीक, हळूहळू बुडणारे दाणे. मी तर फ्लेक्स चिमटीत पूड करून कपभर टाकीच्याच पाण्यात भिजवतो आणि सुई काढलेल्या सिरिंजने मधल्या थरात दोन-तीन ठिकाणी सोडतो. फिल्टर पाच मिनिटं बंद, नाहीतर अर्धं तोच खातो. आणि परत चालू करा, देवाशपथ, विसरू नका.

किती वेळा? दिवसातून दोनदा, थोडं थोडं. डॅनिओ हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, हॅमिल्टन नावाच्या निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये नोंदलेला, त्याला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात. एकदम ढीगभर घातलं की बरंचसं नीट न पचताच बाहेर पडतं. आणि काचेशी येऊन नाचतात म्हणजे भूक लागली असं नसतं, त्यांना तुमची वेळ आणि तुमचा शर्टसुद्धा पाठ होतो. पोट बघायचं असेल तर माशाला समोरून बघा, बाजूने नाही. हलकं गोल हवं, खपाटीला गेलेलं नको आणि लिंबासारखं फुगलेलंही नको.

मघाशी एक काकू विचारत होत्या, "जवळो घातलो तर चालात काय?" चालतो की! पण मीठ न लावलेला, वाळू धुऊन काढलेला, परत कडकडीत वाळवून मिक्सरला फिरवलेला आणि चहाच्या गाळणीतून गाळलेला, कारण निऑनचं तोंड केवढंसं. आठवड्यातून एक-दोनदा, अगदी कणभर, पाणी पटकन नासवतो तो. डासांच्या अळ्या तर उत्तमच, फक्त त्यासाठी परसात बादली भरून ठेवू नका, डेंग्यूवाले घरी येतील.

आपल्या हवेचं काय करायचं? जून ते सप्टेंबर फ्लेक्सचा डबा चार वेळा उघडला की दमट होतो, बुरशी धरतो, वासही येतो. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, छोटा घ्या, महिन्याभराचं वेगळं काढून बाकीचं घट्ट बंद करून फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर जातं, माशांची भूक वाढते पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मग जास्त घालण्यात डबल नुकसान, उरलेलं कुजून अमोनिया होतो तो वेगळाच. आणि वादळाने लाईट गेली की खायला घालायचंच नाही. पंप बंद, फिल्टरमधले बॅक्टेरिया गुदमरलेले, अशा वेळी उपाशी मासा जगतो, जेवलेला अडचणीत येतो. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस सहज काढतो.

म्हणून गणपतीला गावच्या घरी जाताना शेजारच्या पोराच्या हातात डबा देऊ नका, ते प्रेमाने रोज मूठभर टाकतं. एक दिवसाआडच्या कागदी पुड्या बांधा, वर तारीख लिहा, आणि डबा कुलपात.